घराण्याचे पाय

पेढे

भाताची रोपं टाकायच्या आधी आमच्या मुळशीत राब भाजतात. वाफ्यावर शेणी, पालापाचोळा, गवत पसरायचं, वरून मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. दिवसभर ते धुमसत राहतं. हे सगळ्यांकडेच होतं. आमच्या घरात त्यापुढे एक जास्तीची रीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या कर्त्या पुरुषानं त्या राखेवरून अनवाणी चालत जायचं आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू वाहायचं. राख वरून पांढरी दिसते, पण पाय टाकला की आतला विस्तव कळतो.

माझे वडील, आण्णा, त्यावरून देवळात प्रदक्षिणा घातल्यासारखे सावकाश चालायचे. बघायला आळीतली माणसं जमायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आणि मी, आम्ही दोघांनी तरुणपणी एकदा पाऊल टाकून बघितलं होतं. मी दोन पावलांत बाहेर. दादानं तर अशी उडी मारली की पुढची दहा वर्षं त्याला लोक "बेडूक" म्हणत होते. आण्णा हसून म्हणायचे, "थांबा. आमच्यात पन्नाशीला घराण्याचे पाय येत्यात."

आण्णांचे पाय पन्नाशीला आले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. जाताना काठीसारखे वाळले होते. उठून उभे राहिले की चक्कर यायची, जेवलेलं अंगी लागत नव्हतं. कुणी म्हणालं करणी केली, कुणी म्हणालं पोटात गाठ असेल. त्यांचे पाय आणि त्यांचं मरण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कुणी बघितल्या नाहीत.

माझे पाय एकोणपन्नासाव्या वर्षी आले. आण्णा गेल्यापासून आम्ही कडेनंच हळदकुंकू वाहत होतो; दादा थोरला असूनही त्याला ते जमत नव्हतं, म्हणून त्या वर्षी मी राखेवर पाऊल टाकलं आणि मला काही म्हणजे काहीच लागलं नाही. खरं सांगतो, माझी छाती फुगली. चारी कोपरे करून मी बाहेर आलो तेव्हा म्हाताऱ्यांनी पाठीवर थाप मारली आणि दादानं स्वतः जाऊन पेढे आणले. संध्याकाळी पाय धुताना माझ्या बायकोनं, सुनंदानं, तळव्याकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. तळव्याची कातडी सोलून लोंबत होती.

ज्या दिवशी माझा आजार पहिल्यांदा दिसला, त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले गेले. तुमच्याही घरात अशी एखादी फुशारकी असेल, नाहीतर एखादा शाप असेल, तर तो एकदा डॉक्टरांसमोर बोलून बघा. एवढ्यासाठीच हे लिहायला बसलोय.

ब्रेक

जखम भरायला तीन महिने लागले. तोवर तळव्यांत रोज आग व्हायची आणि गंमत अशी की त्याच तळव्याला हात लावला तर कळायचं नाही. शेत होतंच, पण माझ्या दोन गाड्या हिंजवडीच्या एका कंपनीला लावलेल्या होत्या. एकीवर ड्रायव्हर होता, दुसरी मी चालवायचो, सकाळच्या शिफ्टची.

एका सकाळी चौकाच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. मी ब्रेक दाबला तर गाडी पुढे सरकली. आणखी दाबला तर आणखी पुढे गेली. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं की माझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे. हँडब्रेक ओढला. पुढच्या टेम्पोची फळी हातभर राहिली होती. मागे कंपनीतल्या तीन मुली बसल्या होत्या, कानात काहीतरी घालून. एक "काका, सावकाश" म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये गेली.

त्यानंतर आठवडाभर मी दर वेळी खाली पायाकडे बघून गाडी चालवली. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांच्या मुली मागे बसवून मी असं केलं, याची मला आजही लाज वाटते. आठव्या दिवशी किल्ली ड्रायव्हरच्या भावाच्या हातात दिली आणि घरी सांगितलं की कंबर दुखते.

साखर नाही

पुढचं दीड वर्ष मी चुकीच्या दारांत उभा होतो. पाय बधिर म्हटल्यावर सगळे आधी साखर तपासतात. माझी साखर चांगली निघाली. मग कमरेचा मणका. मग जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. मधेच दोन्ही हातांना मुंग्या यायला लागल्या, शर्टाचं बटण लागेना, तेव्हा मनगटांची ऑपरेशनं झाली, आधी उजव्या आणि मग डाव्या. प्रत्येक डॉक्टरनं आपापला अवयव बघितला. कुणाची चूक काढत नाही, हा आजारच असा आहे की तो तुकड्या-तुकड्यांनी समोर येतो.

एक लाजेची गोष्टही लिहितो, कारण ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझं पोट बिघडलं. चार दिवस होत नसे, आणि पाचव्या दिवशी थांबत नसे. एका लग्नात, मांडवात, अक्षता टाकायच्या आधी माझी विजार खराब झाली. सुनंदानं आपल्या शालीत मला गुंडाळून मागच्या वाटेनं घरी आणलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मामंजींचं पन असंच व्हतं. सासूबाई रोज धुनं वेगळं धुवायच्या."

आण्णा कसे गेले ते मी बघितलं होतं.

वडील कशानं गेले?

पुण्यातल्या त्या डॉक्टरबाईंकडे पोचलो तेव्हा माझं वजन खूप उतरलं होतं. सोबत सुनंदा होती आणि मंजिरी, आमची एकुलती एक. तिचं वय सव्वीस, हिंजवडीत नोकरी, राहायचीही तिकडेच, घरी शनिवारी यायची. ऑफिसला सुट्टी टाकून आली होती.

बाईंनी मला झोपवून, उभं करून रक्तदाब घेतला. पायाच्या बोटाला टाचणी लावली. कापसाचा बोळा फिरवला. मग फाइल बाजूला ठेवून विचारलं, "वडील कशानं गेले?"

मी सांगितलं. सांगता सांगता राबाचंही सांगितलं, आणि आत्ता लिहिताना हसू येतं, पण जरा ऐटीतच सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चटका वडिलांनाही कळत नव्हता?"

"न्हाई. घराण्याचे पाय हायेत ते."

"आणि हे पाय पन्नाशीलाच यायचे? आधी नाही?"

"आधी न्हाई."

मंजिरी माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या आधी कळलं असावं.

पोटावरची चिमूटभर चरबी आणि घोट्यापाशी कातडीचा तुकडा काढून तपासायला गेला, रक्त जनुकाच्या तपासणीला गेलं. काही आठवड्यांनी परत त्याच खोलीत आम्ही तिघं त्याच तीन खुर्च्यांवर बसलो. आजाराचं नाव आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन अमायलॉयडोसिस. मला ते धड उच्चारायला आठ दिवस लागले.

"तुमच्या यकृतात एक प्रथिन तयार होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या घराण्यात त्याची घडण चुकीची आहे. ते मोडतं, त्याचा गुंता होतो आणि तो नसांवर, आतड्यांवर, हृदयावर साचत जातो."

"पाटात गाळ बसतो तसं?"

"तसंच म्हणा. अजून तुमच्या हृदयावर थोडंच आहे. आणि आता यावर औषध आहे. वडिलांच्या वेळी नव्हतं. याला अँटिसेन्स औषध म्हणतात. ते प्रथिन बनव म्हणून पेशीत जो निरोप जातो, त्या निरोपालाच हे औषध जाऊन चिकटतं. निरोप वाटेतच संपतो, प्रथिन फार थोडं बनतं. महिन्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन."

"मग गाळ निघंल?"

"वरून येणारा कमी होईल. जे साचलंय आणि ज्या नसा गेल्यात, त्या परत येतील असं मी म्हणणार नाही. आजार आहे तिथं थांबला, तर आपण जिंकलो."

मग त्या मंजिरीकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या की ज्याच्याकडे हा दोष आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. नाणं उडवल्यासारखी. तपासणी करायची की नाही आणि कधी करायची, हे ज्यानं त्यानं ठरवायचं, घाई नाही.

मला मरणाची भीती वाटत होती. त्या खोलीत ती दुसऱ्या नंबरवर गेली.

खाली पार्किंगमध्ये गाडीपाशी आल्यावर मंजिरी म्हणाली, "पप्पा, मी आत्ता टेस्ट करणार नाही. तुमचं औषध सुरू होऊ दे. नऊ महिन्यांनी तुमची सगळी तपासणी आहे ना? औषध चालतंय असं दिसलं तर मी रक्त देईन. चालत नसेल, तर मला कळून तरी काय करायचंय?"

सुनंदा काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. तेव्हापासून माझ्या पायांवर दोघांचा भार आला.

रेघा

हे औषध माझ्या वेळी तरी इथल्या दुकानात मिळत नव्हतं. डॉक्टरांचं पत्र, सरकारी परवानगी, परदेशातून मागवणं, कंपनीच्या मदत योजनेत नाव बसणं. ते बसलं, एवढंच लिहितो, कारण ज्यांचं बसत नाही त्यांच्यासमोर त्यावर जास्त बोलायला तोंड नाही. सगळ्याला पाच महिने लागले.

त्या पाच महिन्यांत मी एक वेडेपणा केला. दर रविवारी आंघोळीनंतर केरसुणीची काडी घेऊन पायावरून वर वर न्यायचो आणि जिथं काडी लागल्याचं कळेल तिथं बॉलपेननं रेघ ओढायचो. पहिली रेघ घोट्यावर होती. पाचव्या महिन्यात ती नडगीच्या मध्यापर्यंत आली. आंघोळीनं जुन्या रेघा पुसट व्हायच्या, त्या मी परत गिरवायचो, त्यामुळे आजार पायाची पायरी करून वर चढताना मला दिसत होता. आपण बसून बघतोय आणि तो चढतोय. मी दार लावून घेऊन रडलो आहे, ते लपवत नाही. तुमच्या मनात आलं, तरी हा उद्योग करू नका.

दादा

दादाला सांगितलं तेव्हा तो ओट्यावर तंबाखू मळत होता.

"रोग हाय म्हनून गावभर सांगत फिरनार का आता?" तो म्हणाला. "माझ्या पोराचं जमत आलंय. पोरीकडची मान्सं आयतवारी यायचीत. तू गप ऱ्हा शांत्या."

"दादा, तुला पन असू शकतो. तुला असला तर पोराला."

"मला काय बी झाल्यालं न्हाई. आन आण्णांच्या पायाला रोग म्हनतोस? आरं, मान्सं त्या पायाच्या पाया पडायची!"

मलाही राग आला. मी म्हणालो, "मान्सं जखमेच्या पाया पडत व्हती." त्यावर तो उठून गेला आणि पाच-सहा आठवडे माझ्या दारात आला नाही. एका भिंतीची घरं आमची, त्यामुळे त्याचं न येणं रोज ऐकू यायचं. माणूस आजारी पडला की घर जवळ येतं असं म्हणतात. येतही असेल. आमचं आधी फाटलं.

मग एका दुपारी तो आला आणि न बोलता खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. कुणाला न सांगता पुण्याला जाऊन रक्त देऊन आला होता. त्याच्यात दोष नव्हता. म्हणजे त्याच्या मुलातही नाही.

"लगीन मोडंल म्हनून भ्यायलो व्हतो," तो म्हणाला. "समद्यांनी मला बेडूक म्हनून हिनवलं. आण्णा सुदिक हसायचे. आन माझेच पाय बरे निघाले रं." साठीचा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. मला त्याच्यासाठी आनंद झाला आणि त्याच क्षणी असूयाही वाटली, ती काही लवकर गेली नाही.

डबा

पहिला डबा आला तो थर्माकोलचा, आत बर्फाच्या पिशव्या. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कुरिअरवाला तीन तास अडकला होता आणि मी रस्त्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. सुनंदानं फ्रिजचा मधला कप्पा घासून-पुसून मोकळा केला होता. दूध, दही, मिरच्या खाली. "ह्या कप्प्याला कुनी हात लावायचा न्हाई," तिनं जाहीर केलं, घरात आम्ही दोघंच असताना.

नर्सबाईंनी पहिली दोन इंजेक्शनं दिली आणि सुनंदाला शिकवलं. अर्धा तास आधी बाहेर काढायचं, पोटावर बेंबीपासून लांब टेकवायचं, टक् झालं की दहा आकडे मोजेपर्यंत उचलायचं नाही. भाकरी थापणारा हात तिचा, एकदाही हलला नाही. मंजिरी मात्र त्या वेळी बाहेर जायची. तिला लहानपणापासून सुईची भीती.

या औषधानं अंगातलं अ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून रोज त्याची गोळी घ्यायची असते आणि डोळ्यांत फरक वाटला तर लगेच सांगायचं असतं. झालं! दिवेलागणीला सुनंदाला बटण दाबायला उशीर झाला की मला वाटायचं, डोळे गेले. नाकातून शेंबडात रक्ताचा ठिपका दिसला की त्या दिवशी जेवण नाही. औषध सुरू झाल्यावर भीती कमी होते असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. ती फक्त जागा बदलते.

एकदा वाऱ्यानं तारा तुटल्या आणि सकाळपासून लाइट गेली. दुपारपर्यंत आली नाही. फ्रिजमध्ये त्या महिन्याचं औषध. सुनंदानं ते बर्फासकट दुधाच्या किटलीत घातलं आणि स्कूटरवरून पिरंगुटला शकीलभाईंच्या मेडिकलमध्ये नेलं. त्यांचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो.

"वहिनी, निवांत जावा घरी," शकीलभाई म्हणाले. "माझी इन्शुलिनं जगली तर तुमचं औषध जगंल. दर तासाला तापमान बघून फोन करतो."

त्यांनी खरंच दर तासाला फोन केला. "शांतारामभाऊ, चार हाय." "शांतारामभाऊ, चारच हाय." त्या आवाजानं मला जेवढा धीर दिला तेवढा धर्माच्या गोष्टींनीही दिला नसेल.

शनिवार

मंजिरी दर शनिवारी विचारायची, "पप्पा, पायाला काही कळतंय?"

पहिले तीन महिने मी "बघू" म्हणालो. चौथ्या महिन्यात एका शनिवारी तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघितली आणि तोंडातून निघून गेलं, "अंगठ्याला जरा जरा कळाय लागलंय."

तिचा चेहरा असा उजळला की पुढच्या शनिवारी मला माघार घेता येईना. मग अंगठ्याचं शेजारच्या बोटाला गेलं, तिथून टाचेला. एकदा मी म्हणालो की फरशी गार लागते. यातलं एकही खरं नव्हतं. रेघा ओढणं मी तेव्हा सोडून दिलं होतं, कारण खरं काय आहे ते मला स्वतःलाच बघायचं नव्हतं.

सुनंदा चिडायची. "पोरीला कशापायी फशिवताय?"

"खरं सांगितलं तर ती तपासनी करनार न्हाई. आन तिच्यात असंल, कळायच्या आधीच सुरू झालं, तर माझ्यावानी दीड वर्ष दारं हिंडत बसंल."

"आन केली, आन निघाला तर?"

तिनं तपासणी करावी असंही वाटायचं आणि कधीच करू नये असंही वाटायचं. एकाच तोंडानं दोन देवांना दोन नवस. दिवसभर हेच डोक्यात फिरायचं, ती मोटारसायकलवरून उतरताना जरा अडखळली तरी मी तिच्या पायांकडे बघत बसायचो.

आहे तिथंच

नऊ महिन्यांनी पूर्ण दिवस हॉस्पिटलमध्ये गेला. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग हृदयाची सोनोग्राफी, मग नसांना करंट देऊन तपासणी, मग सहा मिनिटं एका लांब बोळातून चालणं. बोळाच्या टोकाला एक नर्स घड्याळ घेऊन उभी होती. मला वाटलं, मी जोरात चाललो तर मंजिरी वाचेल. असं वाटण्यात काही अर्थ नव्हता, पण मी घामाघूम होईपर्यंत चाललो. शेवटी चक्कर आली आणि नर्सनं मला धरून बाकावर बसवलं. "काका, शर्यत नाही ही," ती म्हणाली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

चार वाजता डॉक्टरबाईंनी सगळे कागद समोर ठेवले. "आजार आहे तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "वाढलेला नाही. वजन थोडं सुधारलंय. मी फार खूश आहे."

मी हात जोडले. पण खरं सांगायचं तर मी खूश नव्हतो. त्यांनी आधीच सांगितलेलं असूनही मी मनात पाय परत मागून बसलो होतो. बसस्टॉपवर एक बाई आपल्या बाळाच्या तळव्याला गुदगुल्या करत होती आणि ते पाय ओढून घेत होतं. मी तोंड दुसरीकडे वळवलं.

नुकतं निदान झालेल्यांना माझं सांगणं एवढंच की "थांबलं" हा शब्द पचायला वेळ लागतो. मला अजून पूर्ण पचलेला नाही. सकाळी उठल्यावर आधी तळवे आरशात बघून घेतो, कुठे कापलंय का. आंघोळीचं पाणी कोपरानं तपासतो. उठताना आधी कॉटवर बसून शंभर आकडे मोजतो. भीती जात नाही, तिच्यासोबत कामं करायची सवय होते.

मी देते

त्या शनिवारी इंजेक्शनचा दिवस होता. औषध बाहेर काढून ओट्यावर अर्धा तास ठेवलं होतं. मंजिरी आली, तेव्हा मी घाईघाईनं बोलायला सुरुवात केली, "मंजू, डॉक्टरबाई म्हनाल्या, लई सुधारना हाय. नसा परत..."

"पप्पा, रिपोर्ट मी वाचलाय," ती म्हणाली. "सुधारणा नाही. थांबलंय."

ती मोरीत गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आली. "आई, आज मी देते."

"तू?" सुनंदा म्हणाली. "तुला सुई बघवत न्हाई."

"नाही बघवत. पण शिकायला पाहिजे."

सुनंदाला कळलं नाही. मला कळलं.

"तपासनी कधी केलीस?" मी विचारलं.

"दोन महिने झाले."

"माझी तपासनी बघून करनार व्हतीस ना?"

"तुम्ही सांगत होता ना टाचेला कळतंय म्हणून. त्याच शनिवारी तुम्ही गोठ्यातून घरात आलात ते एका पायात चप्पल घालून. दुसरी शेणात रुतून बसली होती. तुम्हाला पत्ताच नव्हता. मी ती धुऊन दारात ठेवली." ती इंजेक्शनकडेच बघत बोलत होती. "तेव्हा वाटलं, तुम्हीच एवढे घाबरलाय की खोटं बोलताय, मग मी कुणाच्या जिवावर थांबलीये? सोमवारी रक्त देऊन आले."

सुनंदा भिंतीला टेकून खाली बसली. तिनं तोंडाला पदर लावला. मंजिरी तिच्याकडे गेली नाही. गेली असती तर तिघंही कोसळलो असतो, हे तिला माहीत असावं.

"डॉक्टर म्हणाल्या, मला आत्ता औषध लागत नाही," ती म्हणाली. "दर वर्षी तपासायचं. सुरू झालं की लगेच द्यायचं, तुमच्यासारखा उशीर नाही. म्हणून हात बसलेला असू दे म्हटलं." मग इतका वेळ धरून ठेवलेला आवाज फुटला. "पप्पा, ते थांबलंय हे तरी खरं आहे ना? तुम्ही सांगा. रिपोर्ट नको."

सत्तावीस वर्षांत या पोरीनं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं.

"पायाला काय बी कळत न्हाई," मी म्हणालो. "अंगठ्याला न्हाई, टाचेला न्हाई. कवाच कळलं न्हाई. तुला सांगितलेलं समदं खोटं. पन आवशिद चालू झाल्यापासनं वर चढलं न्हाई, मंजू. गुडघ्याला कळतंय. मांडीला कळतंय. हे खरं हाय."

तिनं मान हलवली. माझा सदरा वर केला, पोटावर जागा पुसली, आणि इंजेक्शन टेकवलं. टक् झालं. ती मोठ्यानं आकडे मोजायला लागली, सहावर आवाज चिरकला, सातपासून परत नीट मोजले, दहाला उचललं.

"दुखलं का?"

"दुखलं," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

"चांगलं आहे," ती म्हणाली, आणि सुई डब्यात टाकून आईशेजारी जाऊन बसली.